ओतिलियाबाईंच्या बाजूची रेघ

रविवार, १० एप्रिल

आज माझ्या हातून एक ऐतिहासिक काम झालं. उद्या कदाचित पश्चात्ताप होईल, म्हणून आजच लिहून ठेवतो.

सामना एक-एक बरोबरीत सुटला. मी एकोणीस मिनिटं खेळलो. विसाव्या मिनिटाला रेफरीने लाल कार्ड दाखवलं. मी त्याला एवढंच म्हणालो होतो, की चष्मा घरी राहिला असेल तर सायकलवरून आणून देतो. चष्मा खरंच घरी राहिला होता, हे नंतर कळलं. पण कार्ड त्याने मागे घेतलं नाही.

तर मी बाहेर येऊन ओतिलियाबाईंच्या कुंपणाशी उभा राहिलो. बाईंची नात लुर्देस तिथूनच सामना बघते, हा योगायोग. तेवढ्यात शेजारच्या विया रोसास गावच्या लोकांपैकी एक टकल्या आमच्या गावाला उद्देशून ओरडला, "ए त्रेस साउसेसवाल्यांनो! हे मैदान आहे की बोळ? समोरून माणूस आला तर अंग चोरून जायचं का?"

लोक हसले. ते मी सोसलं असतं. पण लुर्देसही हसली. तोंडावर हात धरून हसली, पण हसली.

मग माझं डोकं फिरलं. लीगचे प्रतिनिधी बेंतांकुर साहेब पावात सॉसेज घालून खात होते. मी त्यांच्या मांडीवरचा सामन्याचा अहवाल उचलला आणि मागच्या बाजूला लिहिलं: 'आमचं मैदान नियमाप्रमाणे साठ मीटर रुंद आहे. लीगने अधिकृत मोजणी करावी. एक बोट जरी कमी भरलं तरी एक मेची अंतिम लढत आणि त्यापुढचे आमचे सगळे सामने आम्ही विया रोसासच्या मैदानावर खेळू.' खाली सही: मिल्टन तेचेरा, तांत्रिक चिटणीस. हे पद कुणालाच नको होतं म्हणून माझ्याकडे आलं. आजवर त्यात फक्त चेंडूत हवा भरायचं काम होतं.

बेंतांकुर साहेबांनी दोनदा वाचलं. "पोरा, आधी मोजलंयस ना?"

"साहेब, मी मोंतेविदेओला दोन वर्षं जमीनमोजणी शिकलोय."

"ते नाही विचारलं."

"मोजायची गरजच नाही."

त्यांनी कागदाची घडी करून खिशात टाकली. "तीस तारखेला, शनिवारी येतो. टेप मी माझा आणीन."

टकल्याचं तोंड बंद झालं. लुर्देसचंही. ती माझ्याकडे बघतच राहिली. कौतुकानेच, दुसरं काय असणार?


सोमवार, ११ एप्रिल

गावात सगळे मला 'मोजणीदार' म्हणायला लागलेत. बेकरीवालासुद्धा म्हणाला, "मोजणीदार, पाव किती सेंटिमीटर देऊ?" मी दुर्लक्ष केलं.

कॉलेज मी तत्त्वासाठी सोडलं, हे इथे एकदा स्पष्ट नोंदवतो. प्राध्यापकांनी माझा नकाशा परत देताना सगळ्या वर्गासमोर म्हटलं, "चित्र सुंदर आहे, यात जमीन कुठे आहे?" असल्या माणसाकडून काय शिकायचं? त्याच आठवड्यात, आजीची बोटं संधिवाताने आखडली म्हणून लुर्देस औषधांच्या दुकानातली तिथली नोकरी सोडून गावी परतली. त्याचा माझ्या निर्णयाशी काही संबंध नाही. बस मात्र एकच होती.

आज नेहमीप्रमाणे सेफेरीनोकाका हातगाडीतून मळक्या जर्सी ओतिलियाबाईंकडे घेऊन गेले. मी जन्मायच्या आधीपासून दर सोमवारी हेच चाललंय. काका मैदान राखतात, रेघा मारतात. बाई जर्सी धुतात. बाजूरेघेला लागूनच त्यांची तार आहे, तिच्यावर अकरा जर्सी वाळतात आणि शनिवारी घड्या होऊन परत येतात. पाच नंबरची नेमकी स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर वाळत घालतात. तिथे वारा बरा लागत असावा. काका तरुणपणी पाच नंबर घालून खेळायचे, म्हणून त्यांना एकदा विचारलं, तर म्हणाले, "मला काय ठाऊक! मी कपडे बघत नसतो."

दोघांचं पटत नाही, हे उघड आहे. बाईंचे यजमान जाऊनही तीसेक वर्षं झाली, काकांनी लग्नच केलं नाही, इतक्या वर्षांचा शेजार, आणि अजूनही एकमेकांना 'अहो-जाहो'. बोलणंही जेवढ्यास तेवढं.

एक तक्रारही लिहून ठेवतो. माझ्या आठ नंबरच्या घडीत परवाही मेम्ब्रियोच्या फळांच्या मुरंब्याची पेस्ट्री होती, आणि छातीवर तुपकट डाग. अकरा जणांना पुरवायचं म्हणजे घाई होणारच, पण निदान कागदात तरी गुंडाळावी.


मंगळवार, १२ एप्रिल

सत्तावन्न मीटर वीस.

तीन वेळा मोजलं. टेपचं दुसरं टोक आमचा गोलकीपर विल्मार धरून होता. पहिल्यांदा म्हणाला, "टेप सैल असेल." दुसऱ्यांदा म्हणाला, "टेप चुकीचा असेल." तिसऱ्यांदा गवतावर आडवा झाला आणि टोपी तोंडावर ओढून घेतली.

सेफेरीनोकाका लांबून झाडू मारत होते. जवळ आले, टेपकडे बघितलं आणि विचारलं, "नवा आहे?"

"नवाच आहे."

"छान आहे," म्हणाले आणि पुन्हा झाडायला लागले.

दोन मीटर ऐंशी! चोरीला तरी कसं जातं? मैदान म्हणजे काय सायकल आहे?


बुधवार, १३ एप्रिल

चोर सापडला. चोराने स्वतःच सांगितलं, आणि तेही चुना ढवळता ढवळता.

"काका, रेघ कशी मारता?"

"ओढ्याकडच्या विलोच्या झाडांपासून सुतळी लावतो. पावलं मोजतो. बाईंच्या बाजूला आलो की थोडं सोडतो."

"थोडं म्हणजे?"

त्यांनी मूठ दाखवली. "एवढं."

"म्हणजे कुंपणापासून एक मूठ?"

"नाही. गेल्या वर्षीच्या रेघेपासून एक मूठ आत. दर मार्चमध्ये."

"किती वर्षं?"

"यंदा एकतीस झाली."

मी तिथेच काडीने मातीत गुणाकार केला. एक मूठ म्हणजे नऊ सेंटिमीटर. नऊ एकतीस दोनशे एकोणऐंशी. हिशेब चोख जुळला. एवढं अचूक उत्तर मला कॉलेजात कधी आलं नव्हतं. क्षणभर आनंदच झाला.

"पण का, काका?"

"चिखल उडतो."

"कुठे?"

"धुण्यावर," ते म्हणाले आणि कानांपर्यंत लाल झाले. लाज वाटली असणार. वाटायलाच हवी.


गुरुवार, १४ एप्रिल

क्लबची बैठक. ओढ्याच्या बाजूला सरकायला एक इंच जागा नाही. म्हणजे जे काही मिळवायचं ते ओतिलियाबाईंच्या बाजूनेच. मी उभा राहून सगळं मांडलं. आकडे मांडले, वर्षं मांडली. शेवटी बोट दाखवून म्हणालो, "आपलं मैदान या माणसाने खाल्लं! मूठमूठ करून खाल्लं!"

आवाज जरा चढलाच.

सेफेरीनोकाका उठले. खिशातून सुतळीची गुंडी काढून टेबलावर ठेवली, तिच्याशेजारी कुंचा ठेवला, टोपी घातली, दरवाजा हळूच ओढून घेतला आणि गेले.

घरी येऊन आईला म्हणालो, "सगळे गप्पच झाले. मुद्दा पटला असावा."

आई भाजी चिरत होती. "तुझ्या तोंडासमोर शिट्टी वाजवणारा रेफरी आज हजर नव्हता," ती म्हणाली. "तेवढंच."


शनिवार, १६ एप्रिल

जर्सी आल्या. माझ्या जर्सीत पेस्ट्री नाही. मेम्ब्रियो संपले असतील.

इस्त्रीही नाही. एक बाही उलटीच. कामात ढिलाई यायला लागलीय.


सोमवार, १८ एप्रिल

हातगाडी मलाच न्यावी लागली. तसंही मला तिकडे जायचंच होतं. काल मी जुना नकाशा काढून हद्दीचा दगड शोधला होता. क्लबची हद्द बाईंच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला जवळजवळ टेकते. कुंपण, तार, कोंबड्यांचं खुराडं, सगळं आमच्या जमिनीवर. दगड नेमका खुराड्याखाली.

बाईंनी दार उघडलं, आधी माझ्याकडे आणि मग माझ्या मागे रस्त्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"तूच आणलंस?"

"हो."

"एकटाच?"

"गाडीला एकच माणूस लागतो, बाई."

आत दोन स्टुलं समोरासमोर मांडलेली होती, चुलीवर पाणी तापत होतं, माते नावाच्या कडू चहाचा भोपळा नळी घालून तयार होता. मी बसणार एवढ्यात बाईंनी दुसरं स्टूल उचलून भिंतीशी लावलं. संधिवात बराच कमी झालेला दिसला.

मी नकाशा उलगडला. सगळं नम्रपणे सांगितलं. बाई ऐकत होत्या, ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "मला काही म्हणायचं नाही. राहणाऱ्यांना विचार," आणि खुराड्याकडे हात केला.

लुर्देस बाहेर दोरीवर चादर टाकत होती. "चल मोजणीदार, मी दुभाषी होते." ती खुराड्यासमोर उकिडवी बसली. "बायांनो, हे गृहस्थ म्हणतात, तुम्ही बेकायदा राहता. काय म्हणणं आहे?" एक लाल कोंबडी कुरकुरली. "ती म्हणते, तिच्या आजीनेही इथेच अंडी घातली. दुसरी विचारते, मैदान तुझं होतं तर मोजायला एकतीस वर्षं का लागली?"

"लुर्देस, हा चेष्टेचा विषय नाही. मैदान गेलं तर क्लब संपेल! चौदा किलोमीटरवर विया रोसासला कोण येणार सामने बघायला?"

"हे बैठकीत बोट दाखवायच्या आधी सुचलं नाही?" ती उठली. चेष्टा अचानक संपली होती. "त्या माणसाने तुला चेंडू मारायला शिकवलं, मिल्टन."

मी नकाशाची घडी घालून घरी आलो.


बुधवार, २० एप्रिल

हात बांधलेत. डाव्या हाताने लिहितोय, अक्षर क्षम्य.

म्हटलं, काका नाहीत तर अडतं कुणाचं? रेघ मारणं म्हणजे काय, भूमितीच आहे. खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली, काटकोन तपासले. रेघ सरळ आली ती थेट खुराड्याच्या दारातून आरपार. मग चुना. काका चुना आदल्या दिवशी पाण्यात विझवून ठेवतात, हे मला माहीत नव्हतं. मी पोत्यातून ओंजळीने काढला आणि हातानेच टाकत गेलो. कळीचा चुना होता. आधी चुणचुणलं. मग असं भाजलं की मी मैदानाच्या मध्यावर नाचायला लागलो.

लुर्देस कुंपणावरून उडी मारून आली. "पाणी नको! आधी झटकायचं!" तिने तिच्या ओढणीने माझे हात कोरडेच झटकले, मग ओढत नळाखाली नेलं आणि पाऊण तास धरून ठेवले. बोलत होती सारखी: "गाढवा. विझवलेला चुना वेगळा, न विझवलेला वेगळा. तुझ्यासारखाच आहे तो, कुणी विझवलाच नाही." पाऊण तास! दुसऱ्या हातालाही तेवढंच भाजलं असतं तर बरं झालं असतं, असं एकदा मनात आलं.

मलम लावायला स्वयंपाकघरात नेलं, तर तिथे सेफेरीनोकाका! स्टुलावर बसून माते पीत होते. माझी तक्रार करायला आले असणार. लुर्देस म्हणाली, आजीने निरोप धाडला होता, पाच-सहा दिवस काका दिसले नाहीत म्हणून कोंबड्या अंडी देईनात. कोंबड्यांचा काय संबंध?

मी खाली मान घालून म्हणालो, "काका, माझं चुकलं. रेघ मारता येत नाही मला." त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं, भोपळा माझ्याकडे केला, मग लक्षात आलं की मला धरता येणार नाही, आणि नळी माझ्या तोंडाशी धरली.

तेवढ्यात बाई चुलीकडे तोंड करून म्हणाल्या, "अहो सेफेरीनो, खरंय का हे? दरवर्षी एक मूठ?"

"हो."

"का?"

"तुमची तार पुढे यायची. धुण्यावर चिखल नको, म्हणून मी रेघ मागे घ्यायचो."

बाई वळल्या. हातात डाव तसाच. "मी तार पुढे घ्यायचे, कारण तुमची रेघ लांब जायची. रेघ मारताना तुम्ही जे पुटपुटता, ते ऐकू यायचं नाही."

"मी पावलं मोजतो."

"ते माहीत आहे मला. चौऱ्याहत्तरला पोचलात की खिडकीसमोर येता."

पाणी उतू गेलं तरी कुणी उठलं नाही.

महत्त्वाचा मुद्दा असा, की दोघांनीही साक्षीदारांसमोर कबुली दिली. अतिक्रमण दोन्ही बाजूंनी झालं आहे. मी हे लुर्देसला हळूच सांगितलं, तर तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी पुढचं गिळलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. चुन्याची धूळ वाईटच.


सोमवार, २५ एप्रिल

आज ओतिलियाबाईंनी स्वतःच्या हाताने कुंपणाचा पहिला खांब उपटला. कुणी सांगितलं नाही, कुणी विनवलं नाही. "एकतीस वर्षं पुढे येत राहिले," म्हणाल्या, "आता एकदम मागे जाते. सवय मोडायची तर एकदाच."

सगळा संघ कामाला लागला. तार निघाली. खुराडं विल्मारने आणि मी उचललं. खाली हद्दीचा दगड होता, मी म्हटलं होतं तिथेच! मी सगळ्यांना दाखवत होतो, पण कोंबड्या सुटल्यामुळे कुणी बघायला तयार नव्हतं.

कोंबड्या ठेवायच्या कुठे, हा प्रश्न आला. काका घसा खाकरून म्हणाले, त्यांच्या अंगणात जागा आहे. हातगाडीतून तीन खेपा झाल्या. बाई सोबत गेल्या, कारण कोंबड्यांना त्यांच्या हातचंच दाणापाणी लागतं. म्हणजे आता रोज सकाळ-संध्याकाळ बाईंना काकांच्या घरी जावं लागणार! या वयात केवढा त्रास. मी म्हटलं, "बाई, मी टाकत जाईन दाणे."

"तू तुझं काम बघ," बाई म्हणाल्या. जरा तुटकच.

काकांनी क्लबच्या टेबलावरची सुतळीची गुंडी परत खिशात टाकली.


शुक्रवार, २९ एप्रिल

संपलं सगळं.

काकांनी काल नवी रेघ मारली. भिंतीपासून चार बोटं. याच्या पलीकडे फक्त बाईंचं स्वयंपाकघर आहे. आज दुपारी मी आणि विल्मारने मोजलं. या रेघेपासून त्या रेघेपर्यंत, एकोणसाठ मीटर ब्याऐंशी.

अठरा सेंटिमीटर कमी! कुंपण गेलं, खुराडं गेलं, माझ्या हातांचं कातडं गेलं, आणि अठरा सेंटिमीटर कमी. भिंत तर पाडता येत नाही. मी एकदा बाईंना विचारायचं ठरवलं होतं, पण त्या डाव घेऊनच दारात आल्या.

उद्या बेंतांकुर साहेब येणार. परवा आम्ही विया रोसासला जाणार, त्या टकल्यासमोर. आणि हे सगळं माझ्या एका सहीमुळे. मी राजीनाम्याचं पत्र लिहिलं. लुर्देसलाही एक लिहिलं, चार पानी. त्यात जे कधी बोललो नाही ते सगळं आहे. सोमवारच्या बसने मोंतेविदेओला परत जावं म्हणतो.

पत्र द्यायला गेलो तर ती अंगणातच भेटली. पत्र खिशातच राहिलं. फक्त अठरा सेंटिमीटरचं सांगितलं.

"काकांना विचारलंस?"

"त्यांना काय विचारायचं? आकडा आकडाच असतो."

"मिल्टन," ती म्हणाली, "तू या जगात एकदा तरी कुणाला काही विचारणार आहेस का?"

आणि ती काही वेळ थांबून राहिली. मीही थांबलो. मग ती आत गेली. काय अपेक्षा होती कोण जाणे.


शनिवार, ३० एप्रिल

सगळं गाव जमलं होतं. टकल्याही आला होता, खास चौदा किलोमीटर.

बेंतांकुर साहेबांनी गाडीतून टेप काढला. एक टोक माझ्या हातात दिलं. "चल मोजणीदार, तुझी हौस फेडू." मी ओढ्याकडच्या रेघेशी गेलो आणि नेहमीप्रमाणे रेघेच्या आतल्या कडेला टोक टेकवलं.

"बाहेरच्या," साहेब पलीकडून ओरडले.

"काय?"

"बाहेरची कड! रेघ धरून मोजायचं!"

मला काही कळेना. सेफेरीनोकाका माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. "पोरा, चेंडू रेघेवर असला तर आत की बाहेर?"

"आत," मी म्हणालो. याच मुद्द्यावर मी आजवर तीन रेफरींशी भांडलोय आणि दोनदा मैदानाबाहेर गेलोय.

"मग रेघ कुणाची?"

मी टेप बारा सेंटिमीटर मागे सरकवला. पलीकडे साहेबांनीही रेघेबाहेर टोक धरलं. टेप ताणला.

"साठ मीटर," साहेब म्हणाले, आणि नाकावरचा चष्मा सरळ केला, "सहा सेंटिमीटर."

लोक ओरडले. विल्मारने मला उचललं. टकल्याने टेप स्वतः वाचून बघितला, मग पुन्हा वाचला.

मी मात्र सगळा हिशेब लगेच डोक्यात उलटा केला. म्हणजे पहिल्या दिवशीही मी चोवीस सेंटिमीटर कमीच मोजलं होतं! दोन मीटर ऐंशी नव्हे, दोन छप्पन्न! हे बैठकीत मी चुकीचं सांगितलं होतं, काकांवर जास्तीचा आरोप केला होता, आणि सत्य सत्य असतं. मी तोंड उघडलं. "साहेब, एक दुरुस्ती—"

लुर्देसने माझ्या पायावर पाय दिला. टाच होती. आणि तिने तो काढला नाही.

नंतर काकांना विचारलं, "तुम्हाला काल माहीत होतं?"

"होतं की."

"मग सांगितलं का नाही?"

"तू विचारलं नाहीस." त्यांनी मिशी पुसली. "आणि एक रात्र तळमळलास, ते बरंच झालं. मीही तळमळलो होतो, चौदा तारखेला."

मी माफी मागितली. या वेळी आवाज अजिबात चढला नाही.


रविवार, १ मे

आज कपडे बदलायच्या खोलीत जर्सीची घडी उलगडली, तर पेस्ट्री! कागदात गुंडाळलेली. मला फार बरं वाटलं. म्हणजे मेम्ब्रियो पुन्हा आलेत. मी विल्मारला विचारलं, "तुझ्यात एक आहे की दोन?"

"काय एक की दोन?"

"पेस्ट्री."

"कसली पेस्ट्री?"

मी दुसऱ्याला विचारलं. तिसऱ्याला विचारलं. सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. मग विल्मार बाकावर बसला आणि इतका हसला की त्याला बूट बांधता येईनात. "दोन वर्षं!" तो म्हणत होता. "दोन वर्षं हा एकटा खातोय, आणि वर डागाची तक्रार करतोय!"

अंतिम लढत आम्ही दोन-एकने जिंकलो, असं लोक सांगतात. मी पूर्ण नव्वद मिनिटं खेळलो. मला कार्ड दाखवलं गेलं नाही, कारण मी कुणाशी काही बोललोच नाही. मी कुठे होतो कुणास ठाऊक. एकदा माझा फटका थेट स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत गेला. काच फुटली. आत कुणी नव्हतं. ओतिलियाबाई बाजूच्या बाकावर सेफेरीनोकाकांशेजारी बसल्या होत्या, आणि दोघांनीही मान वळवून बघितलं नाही.


सोमवार, २ मे

बस सकाळी गेली. मी गेलो नाही. चार पानी पत्र चुलीत घातलं; त्यात सगळं चुकीचं मोजलं होतं.

दुपारी हातगाडी मीच घेऊन गेलो. दार लुर्देसने उघडलं. आजी कोंबड्यांना दाणे टाकायला गेलीय, म्हणाली. सकाळपासूनच गेलीय. आत दोन स्टुलं समोरासमोर होती. मी बसलो. मधलं अंतर अंदाजे दीड मीटर, आतल्या कडेपासून.

पाणी तापलं. तिने भोपळा भरला. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी आधी विचारायचं ठरवलं.

"लुर्देस, स्टूल एक मूठ पुढे घेऊ का?"

"घे," ती म्हणाली. "पण मूठमूठ येणार असशील तर एकतीस वर्षं लागतील."

मी स्टूल उचललं.